मार खाल्ला म्हणून घडलो?

भाईंदरच्या गोडदेव नाक्यावर संध्याकाळी सातच्या सुमाराला पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. एका आईच्या डाव्या हातात भाजीची पिशवी, उजव्या हातात पाचेक वर्षांच्या पोराचं मनगट. दुकानाबाहेर टांगलेल्या माळेतला चिप्सचा पुडा पोराला हवाय. ‘नाही.’ पोरगा हात ओढतो. ‘नाही म्हटलं ना!’ तो रस्त्यातच फतकल मारतो. ‘पप्पांना सांगते हं.’ तो भोकाड पसरतो. रिक्षावाले बघतात, फुलवाली बघते, आईचे कान तापतात आणि पोराच्या पाठीत धपाटा बसतो. भोकाड दुप्पट. शेवटी दहाची नोट पुढे होते, पुडा हातात पडतो आणि आवाज बंद, नळ बंद करावा तसा.

बघ्यांचा निकाल तयार असतो. ‘लाडावून ठेवलाय.’ नाहीतर, ‘दोन सणसणीत ठेवून द्यायला हव्या होत्या.’ आमच्या बिल्डिंगमधले एक निवृत्त गुरुजी दुसऱ्या पक्षाचे. हट्टी, मारकुट्या मुलांच्या आईबापांसाठी इथल्या एखाद्या अंगणवाडीत किंवा हॉलमध्ये आठ-दहा आठवड्यांचा वर्ग चालवावा, असं मी एका रविवारी जिन्यात बोलून गेलो आणि गुरुजींनी मला तिथेच धरलं. तेव्हापासून हा वाद चालू आहे. त्यांचा पूर्वपक्ष कच्चा नाही, म्हणूनच तो नीट मांडून खोडला पाहिजे.

त्यांचं पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे: आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो. यातली गोम अशी, की हे वाक्य बोलायला घडलेलेच तेवढे उरतात. छडीच्या धास्तीने चौथीत शाळा सोडून भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला बसलेला माणूस जिन्यात येऊन शिस्तीवर बोलत नाही. आणि ‘मार खाल्ला तरी घडलो’ असं का म्हणू नये? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात महाराष्ट्रही होता. दर तीन मुलांमागे दोन मुलं मार खाणारी निघाली, आणि घरात मारणाऱ्यांत बहुतेक आईबापच. माराने शिस्त लागत असती तर आपण भाईंदर स्टेशनवर रांगेत उभं राहून लोकल पकडली असती.

अमेरिकेतल्या एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली ७५ अभ्यास, म्हणजे १ लाख ६० हजारांहून जास्त मुलांची माहिती, एकत्र तपासली. विषय होता साधी चापट; छळ नव्हे. जिथे चापटा जास्त, तिथे आक्रमकपणा आणि मनाचे त्रासही जास्त. यावर गुरुजींनी जो प्रश्न टाकला तो मी त्यांच्या गुणांत धरतो: ‘द्वाड असतात म्हणून मार खातात. मार खातात म्हणून द्वाड होतात, हे कशावरून?’

रास्त आहे. नुसत्या अशा आकड्यांनी ते सुटत नाही. म्हणून दुसऱ्या तऱ्हेचं संशोधन बघावं लागतं. सारख्याच त्रासदायक मुलांची कुटुंबं घ्यायची, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करायचे, एकातल्या आईबापांना शिकवायचं, दुसऱ्यांना थांबवून ठेवायचं आणि काही महिन्यांनी दोन्हीकडची मुलं मोजायची. ३ ते १२ वयाच्या मुलांच्या आईबापांसाठी चालवलेल्या अशा गटवर्गांच्या १३ तुलनात्मक चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली घेतला. बहुतेक चाचण्यांत वाटणी चिठ्ठ्यांनीच झाली होती. शिकलेल्या घरांत मुलांचा त्रास कमी झाला, मारझोड कमी झाली, आईबापांच्या मनावरचा ताणही उतरला. द्वाडपणा निव्वळ मुलाच्या अंगात असता, तर मोठ्यांना शिकवून लहान कसे बदलले?

गुरुजींचा हुकमाचा एक्का म्हणजे श्यामची आई. तिने नव्हती शिंपटी घेतली? घेतली होती. पोहायला जायला नको म्हणून श्याम माळ्यावर लपला होता. पण साने गुरुजींच्या पुस्तकात ४२ रात्री आहेत, आणि आपण त्यातून शिंपटी तेवढी उचलली. ती आई मुलाबरोबर काम करते, काम करता करता बोलते, आणि त्या दिवशी मारलं तेसुद्धा का मारलं हे नंतर जवळ घेऊन सांगते. आपल्याकडे मारणारे हात पुष्कळ. नंतर जवळ घेणारे किती, ते ज्याने त्याने आपल्या घरात मोजावं.

मग ‘ही परदेशी थेरं’ हा आक्षेप. मान्य, नाव परदेशी आहे. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत निरीक्षक बसवले, कोण काय बोललं आणि त्यावर कोणी काय केलं याची काही काही सेकंदांनी नोंद ठेवली आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना सापडलं ते आपल्या नाक्यावर रोज घडतं. पोरगा शिकला की ‘नाही’ तीनदा ऐकायचं, चौथ्याला भोकाड पसरायचं, मग पुडा मिळतो. हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारा भाग आईचा: ती शिकली की नोट काढली की आवाज थांबतो. दोघांनाही बक्षीस मिळालं, म्हणजे उद्या दोघंही तेच करणार, थोडं चढ्या आवाजात. यात वाईट कोणीच नाही. मूल बिघडलेलं नाही, आई नालायक नाही; दोघांमधली देवघेव बिघडली आहे, आणि देवघेव शिकता येते. यात परदेशी काय आहे?

ऑक्सफर्डच्या फ्रान्सेस गार्डनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली नेमकं हेच तपासलं: एका देशात बनलेला वर्ग दुसऱ्या देशात नेला तर चालतो का? १७ चाचण्या पाहिल्या. चालतो, आणि जिथली संस्कृती मूळ देशाहून जास्त वेगळी तिथे तो फिका पडलेला दिसला नाही, उलट काही ठिकाणी जास्त चालला. शिवाय आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ साली बालवाडी काढली, पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मूल न मारता शिकतं, हे इथे कोणा साहेबाने येऊन सांगितलेलं नाही. गुरुजी ताराबाईंना मानतात. या मुद्द्यावर ते खोकले आणि चहाचं बघायला आत गेले.

परत आले ते खरी तोफ घेऊन. ‘तुमच्या वर्गात येणार कोण? बाप सकाळी सातची लोकल धरतो, रात्री दहाला येतो. बाई चार घरची कामं करते. तिला वर बसवून सांगणार, की चूक तुझी? आणि हे कार्यक्रम विकणारेच त्यांचे गोडवे गातात.’

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं, कारण यातलं बरंच खरं आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेला ‘ट्रिपल पी’ हा पालकवर्ग जगभर विकला जातो. त्यावरचे ३३ अभ्यास २०१२ साली एका गटाने चाळले तेव्हा ३२ अभ्यासांच्या लेखकांत त्या कार्यक्रमाशी संबंधित मंडळी निघाली. ग्लासगोने तो शहरभर राबवला; मुलांच्या मानसिक आरोग्यात शहरपातळीवर सुधारणा दिसली नाही, असं २०१४ साली छापून आलं. कॉक्रेनच्या आढाव्यात एका कुटुंबामागचा खर्च अडीच हजार डॉलर, तेव्हाच्या दराने सव्वा लाखाच्या आसपास. एवढ्यात गोडदेवात एखाद्याचं वर्षाचं घरभाडं निघतं. आपल्याकडे तर एसी हॉलमधल्या दोन तासांच्या भाषणालाही ‘पेरेंटिंग वर्कशॉप’ म्हणतात. ते ऐकून आई रडते, घरी येते आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावर पुन्हा दहाची नोट काढते.

पण यातून वर्गच नकोत, हे निघत नाही. कसले नकोत ते निघतं. अमेरिकेत जेनिफर कमिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ७७ अभ्यास फोडून पाहिलं, की वर्गातली नेमकी कुठली गोष्ट कामाची. आईने तिथेच, आपल्याच मुलाबरोबर करून पाहणं, ही त्यातली एक ठळक निघाली. पोहणं फळ्यावर शिकवता येत नाही, तसंच हे.

आणि करून काय पाहायचं? फार थोडं. दिवसातून दहा मिनिटं मुलाच्या खेळात त्याच्या मागे जाणं, हुकूम न सोडता. चप्पल जागेवर ठेवली तर तेवढंच नेमकं बोलणं, ‘चप्पल जागेवर ठेवलीस, बरं वाटलं.’ आपण कौतुकाला कद्रू. नजर लागेल, डोक्यावर बसेल. ‘नाही’ एकदाच म्हणायचं आणि नंतर पुडा द्यायचा नाही, नाहीतर पहिल्यांदाच देऊन टाकायचा. पुस्तकं म्हणतात, मुलाला तीन मिनिटं वेगळ्या खोलीत बसवा. दहा बाय बाराच्या घरात वेगळी खोली म्हणजे संडास! इथे संशोधनाचा शब्द सोडून अर्थ धरावा: खोली महत्त्वाची नाही, आपलं लक्ष काढून घेणं महत्त्वाचं. आईने पाठ करून तांदूळ निवडले तरी चालतं, फक्त निवडता निवडता टोमणे मारायचे नाहीत. अतिचंचल किंवा स्वमग्न मूल आईबापांच्या वागण्यामुळे तसं होत नाही, त्याला डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. पण त्याच्याही आईला हे हत्यार लागतंच.

शिकवणार कोण, याचं उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. तिथे ‘संगत’ या संस्थेमार्फत आणि पाकिस्तानात रावळपिंडीला, अशा दोन ठिकाणी ६५ स्वमग्न मुलं घेतली आणि त्यांतल्या निम्म्यांच्या घरी तज्ज्ञ नसलेल्या साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्या गेल्या. २०१६च्या ‘लॅन्सेट सायकियाट्री’त निष्कर्ष आले. आईबाप मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून त्यांच्याशी संवाद सुरू करू लागली. दक्षिण आफ्रिकेत बहुतेक खेड्यांतल्या अशा ५५२ कुटुंबांच्या चाचणीत निम्म्यांचा वर्ग स्थानिकांनीच चालवला, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी जाऊन धडा दिला. मारझोड घटली. किशोरवयीन मुलांचा त्रासदायकपणा मात्र घटला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. आपल्या अंगणवाडीताईंनी ‘आरंभ’ या बालविकास कार्यक्रमाचे पालक मेळावे भरवलेच आहेत, त्या ओटीवर आल्या तर बाई दार लावत नाही. फक्त हे आणखी एक काम त्यांच्या आताच्या मानधनात बसवू नये.

आता अडलंय ते वेळेवर. रात्री नऊनंतर बाप मिळतो, पण मूल झोपलेलं. रविवारी सकाळी मटणाची रांग. दुपारी चार ठरतंय बहुतेक. धाकट्या भावंडांना तेवढा वेळ बाहेर कोणीतरी सांभाळायला हवं, म्हणून मी गुरुजींना विचारलं, हातात काही न घेता दोन तास बसाल का? त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. वर्गासाठी विचारलेल्या हॉलवाल्यानेही दिलेलं नाही. मेअखेरपर्यंत हळदीच्या तारखा लागल्यात म्हणतो.