बुद्धीचे माप की पाटीचे?

तराजू खोटा असला म्हणजे दोष धान्याला देऊन चालत नाही. व्यवहारातली ही साधी गोष्ट बुद्धीची मोजदाद करताना मात्र वारंवार विसरली जाते, आणि त्या विसराचे प्रायश्चित्त भोगावे लागते ते ज्यांची मोजदाद होते त्यांना. वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाचा प्रश्न आपल्या देशात आता ऐरणीवर आला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, या विकाराने ग्रस्त आहेत. पुरुषांत हे प्रमाण ५.८ टक्के, तर स्त्रियांत ९ टक्के, शहरांत ५.३, तर खेड्यांत ८.४. हे आकडे वाचताच कोणाही विचारी माणसाच्या मनात प्रश्न उभा राहील: ही तफावत रोगाची, की पाटी-पेन्सिलीची?

हा प्रश्न वावगा नाही. स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी तीस गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत फोलस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. तारीख सांगा, शंभरातून सात सात वजा करीत चला, कागदावरची आज्ञा वाचून तसे करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा, असे तिचे स्वरूप आहे. ज्याने दहा वर्षे शाळेत काढली त्याला हे अवघड नाही. परंतु १९५१ च्या जनगणनेत शंभर स्त्रियांपैकी जेमतेम नऊ साक्षर होत्या, आणि आज ऐंशी ओलांडलेल्या आजीबाई या त्याच काळातल्या मुली होत. ज्या हाताने कधी पेन्सिल धरली नाही तो पंचकोन काढताना अडखळला, तर तो मेंदूचा दोष म्हणावयाचा काय? ‘आज तारीख कोणती?’ या प्रश्नाला ‘आज एकादशी’ असे अचूक उत्तर देणाऱ्या बाईचे दिवसाचे भान सुटले आहे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. गुणपत्रिका मात्र तसे म्हणते!

हा अनुभव नवा नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात घेतलेल्या चाचण्यांच्या आधारे कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली दक्षिण व पूर्व युरोपातून आलेल्या लोकांना कमी बुद्धीचे ठरविले. १९३० साली त्यांनी आपले निष्कर्ष स्वतःच मागे घेतले. पण मधल्या काळात त्या देशाचे दरवाजे या लोकांना बव्हंशी बंद झाले होते. उलट, आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची कसोटी कन्नड व मराठी मुलांसाठी नव्याने बेतली. पुढे हरियाणातील बल्लभगढ येथे डॉ. मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरक्षर वृद्धांसाठी फोलस्टीन यांच्या चाचणीचे हिंदी रूप सिद्ध केले. ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. लेखी आज्ञेऐवजी ‘मी करतो तसे करा’ असे सांगून परीक्षकाने डोळे मिटावयाचे, आणि वाक्य लिहिण्याऐवजी घराविषयी काही सांगावयास लावायचे, असा तो मार्ग. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनेही अलीकडे पाच भारतीय भाषांत चाचण्यांचा संच सिद्ध केला आहे. तेव्हा हे काम अशक्य आहे ही सबब टिकणारी नाही.

यावर कोणी म्हणेल की, निरक्षरांना चार गुण वाढवून द्यावेत म्हणजे प्रश्न मिटला. आम्हांस हा उपाय पुरेसा वाटत नाही. शिक्षणाचा अभाव हा स्मृतिभ्रंशाचा धोका खरोखरच वाढवितो, असे तज्ज्ञांचे मत आहे. अशा स्थितीत सरसकट कृपागुण दिले तर खरा रोगीही त्यांच्या आड लपेल. आणि निवृत्त प्राध्यापकाची स्मृती ढासळत असता तो तीसपैकी अठ्ठावीस गुण मिळवून निर्धास्त घरी परतेल, हा दुसरा अनर्थ. एकावर खोटा शिक्का, तर दुसऱ्याला उपचारास विलंब. शिक्का बसलेल्या माणसाच्या सहीला आणि शब्दाला घरात किंमत राहत नाही, हे काय सांगावयास हवे?

यातून निघणारी वाट एकच. माणसाची तुलना परक्या माणसाशी न करता त्याच्या स्वतःच्या कालच्या रूपाशी केली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी बाजारहाट व पैशांचा हिशेब चोख करणारी बाई आज तेथे चुकते काय, हे घरच्यांना विचारले पाहिजे. वर सांगितलेल्या देशव्यापी पाहणीत नातलगांच्या मुलाखती घेऊन मगच तज्ज्ञांनी निर्णय केले, म्हणून तिचे आकडे निव्वळ गुणांवर उभे नाहीत. जे पाहणीत साधले ते गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागातही साधले पाहिजे. आधी दृष्टी व श्रवण तपासावे. प्रश्न रुग्णाच्या बोलीत, मग ती वऱ्हाडी असो, अहिराणी असो वा गोंडी, विचारले जावेत. आणि एका चाचणीच्या गुणांवर कोणाचेही निदान पक्के करू नये. राज्याच्या आरोग्य खात्याने आपल्या दवाखान्यांत एवढा दंडक घालून द्यावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

ज्या पिढीला आपण शाळेत पाठवू शकलो नाही, तिची अखेरची परीक्षा तरी शाळेच्या मापाने घेऊ नये. तेवढे तिचे ऋण समाजावर आहे.