कुत्र्याने नुसते चाटले, तर?

तीन आठवड्यांपूर्वी एक निवृत्त गुरुजी सकाळी लवकरच दवाखान्यात आले. वय शहात्तर. पहाटे फिरताना ते रस्त्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटे घालतात. चार दिवसांपूर्वी एका कुत्र्याने त्यांचा तळहात चाटला होता. तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. पाण्याचा पेला ओठांना लावताना ते दर वेळी स्वतःची परीक्षा घेत, की घोट नीट उतरतो ना? जुन्या पुस्तकांत या रोगाला ‘जलसंत्रास’ म्हटले आहे, हे त्यांना ठाऊक होते.

त्याच दुपारी एक आजी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या. त्यांच्या पोटरीवर दोन सुकलेले ओरखडे दिसले. विचारल्यावर म्हणाल्या, “अंगणातलंच पिलू हाय डॉक्टरसाहेब. परवा खेळता खेळता दात लागला. रगत आलं जरासं, हळद लावली की.” त्यांना कसलीच चिंता नव्हती.

वाचकहो, उपचारांची निकड गुरुजींना नव्हती, आजींना होती. रेबीजचा विषाणू बाधित प्राण्याच्या लाळेत असतो आणि शरीरात शिरण्यासाठी त्याला फाटलेली त्वचा अथवा डोळे, ओठ, तोंड यांचे ओले अस्तर लागते. धडधाकट कातडीवर लाळ लागली, तर ती धुवून टाकावी. लशीची आवश्यकता नसते. रक्त न येता नुसता ओरखडा उठला, तर लस हवी. रक्त आले, फाटलेल्या कातडीवर किंवा तोंडा-डोळ्यांत लाळ गेली, तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही हवे. कारण लशीने शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार होण्यास काही दिवस जातात आणि तेवढा काळ हे तयार संरक्षण उपयोगी पडते.

मात्र ‘धडधाकट कातडी’ हे वयस्कांच्या बाबतीत कोणी ठरवायचे? साठीनंतर त्वचा पातळ होते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला टाचेच्या भेगेवर कुत्र्याने चाटलेले जाणवतही नाही. विस्मरणाचा आजार असलेल्या आई-वडिलांना तर काय घडले ते सांगताच येत नाही. म्हणून घरातील दुसऱ्या माणसाने चांगल्या उजेडात हात-पाय, बोटांच्या बेचक्यांसह, पाहावेत. शंका उरली तर जखम आहे असेच धरून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गुरुजींचा तळहात मी बॅटरीच्या उजेडात भिंगाखाली पाहिला. एकही चीर नव्हती.

दवाखान्यात निघण्यापूर्वीचे काम घरातल्या नळावर होते. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे जखम धुवावी. या विषाणूवर चरबीचे आवरण असते, साबणाने ते फुटते. पंधरा मिनिटे हा काळ वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो, म्हणून घड्याळ लावा. वाकवत नसेल, तर खुर्चीवर बसवून कुणीतरी तांब्याने संथ धार धरावी. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये.

आपल्या पिढीतील अनेक जण चाव्याची गोष्ट लपवतात, त्यामागे पोटातील चौदा इंजेक्शनांची आठवण आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस भारतात २००४ नंतर तयार होत नाही. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला प्रथम लस टोचली, तेव्हापासून ती पुष्कळ सोपी झाली आहे. आज सरकारी रुग्णालयांत दंडाच्या त्वचेत थोडी थोडी लस दिली जाते: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्टेरॉइडच्या गोळ्या, सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर ते आवर्जून सांगा. लस देण्याची पद्धत त्यावरून बदलू शकते. वय झाले म्हणून लस टाळण्याचे कारण नाही.

“कुत्रं दहा दिवस पाहू, मग ठरवू,” असे पुष्कळ जण म्हणतात. कुत्रे वा मांजर दहा दिवसांनंतर ठणठणीत राहिले, तर चावा घेताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, हे खरे. पण ते लस सुरू केल्यानंतर पाहायचे असते. आणि हा नियम रानातल्या प्राण्यांना लागू नाही. आपल्या तालुक्याला पैनगंगेचे जंगल लागून आहे. कोल्हा किंवा मुंगूस चावले, तर वाट पाहण्याचा प्रश्नच येत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. परंतु ती दिसण्यास बहुधा दोन-तीन महिने, क्वचित अधिकही लागतात. म्हणून चावा आठवड्यांपूर्वीचा असला, तरी उशीर झाला म्हणून घरी बसू नका.

गुरुजींना मी लस दिली नाही. बिस्किट हातावर न देता जमिनीवर ठेवा, एवढे सांगितले. आजींची जखम पुन्हा धुवून त्यांना गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवले. जखमेत इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले, लस सुरू झाली. पिल्लू सहाव्या दिवसापासून अंगणात दिसलेले नाही. गल्लीत विचारले, कोणालाच पत्ता नाही. तीन वेळच्या टोचण्या झाल्या आहेत. चौथीच्या तारखेभोवती सूनबाईंनी कॅलेंडरवर लाल गोल काढून ठेवला आहे.