बाकावरच्या मुलींना मैदानात उतरवा!

कोल्हापूर शहर-जिल्ह्यातील पालक, मुख्याध्यापक आणि क्रीडाशिक्षक यांना जाहीर आवाहन

शालेय स्पर्धा जवळ आल्या की शाळेच्या मैदानावर चुन्याचा डायमंड आखला जातो. सॉफ्टबॉल खेळायचा म्हणून तीस-चाळीस मुली हौसेने येतात. पंधरा दिवसांनी पाहावं तर निम्म्याही उरलेल्या नसतात. त्यांना कुणी हाकललेलं नसतं, पण कुणी शिकवलेलंही नसतं. या प्रकाराला आमचा विरोध आहे आणि तो उघड मांडण्यासाठी हे पत्रक काढलं आहे.

निवड कशी होते ते बघा. मुलीला तिसऱ्या बेसवर उभं करतात आणि पहिल्या बेसवर थ्रो मारायला सांगतात. दोन बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे हा तिरका थ्रो जवळजवळ ८५ फुटांचा होतो. बारा-तेरा वर्षांच्या ज्या मुलीची उंची वाढली आहे, खांदा भरला आहे, तिचा बॉल थेट पोचतो. जिची वाढ अजून व्हायची आहे, तिचा बॉल दोन टप्पे खातो. झाला निकाल! पहिली शॉर्टस्टॉपच्या मोक्याच्या जागी, दुसरी बॉल क्वचितच येतो अशा राइट फिल्डला किंवा बाकावर. कुणी अकराव्या वर्षी वाढीला लागते, कुणी चौदाव्या, आणि दोघीही ठणठणीत असतात. त्यात वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीतली आणि डिसेंबरमधली मुलगी एकाच गटात येतात, पण दोघींत जवळजवळ वर्षाचा फरक असतो. कॅनडात आइस हॉकीच्या ज्युनियर संघांबाबत रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्येच हे दाखवून दिलं होतं : वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचीच गर्दी असते. तेराव्या वर्षी आपण ज्याला गुणवत्ता म्हणतो, त्यातला बराचसा भाग नुसती जन्मतारीख असते.

मग सराव. वीस मुलींची एक रांग आणि एक बॉल. दहा सेकंदाला एक थ्रो धरला, तरी अर्ध्या तासात एकेकीच्या वाट्याला नऊ थ्रो येतात. त्याच वीस जणींच्या दहा जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला एक बॉल द्या, मग तोच आकडा नव्वदवर जातो. लेदरचा बॉल पुरत नसेल तर टेनिसचा चालेल. नव्या मुलीला तोच बरा, कारण तिची पहिली अडचण हाताची नसते, भीतीची असते. एका मैदानावर आठवीतली एक मुलगी बॉल आला की डोळे मिटून मान फिरवत होती. नववीतल्या एका ताईने तिच्या हातातला ग्लोव्ह काढून घेतला, तीन पावलांवरून टेनिसचा बॉल हळू टाकला आणि सांगितलं, "कमरेच्या वर आला तर बोटं वर, खाली आला तर बोटं खाली." दहा मिनिटांत मान फिरवणं थांबलं. तोवर कित्येक दिवस त्या मुलीला एकच काम होतं : दुसऱ्यांनी मारलेले बॉल कुंपणाजवळून गोळा करून आणायचे.

आपल्या तालमीत वस्ताद नव्या पोराला भिंतीला टेकवून उभं करत नाहीत. जुन्या पैलवानाला हाक मारून म्हणतात, "याला खेळव." मुलींच्या मैदानावर ही रीत का नको?

क्रीडाशिक्षकांची अडचण आम्हाला कळते. अख्ख्या शाळेला एकच शिक्षक, स्पर्धा बाद पद्धतीची, एक सामना हरला की वर्ष संपलं. दहावी-बारावीचे क्रीडागुण पातळीप्रमाणे वाढत २५ पर्यंत जातात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे पालकही संघ जिंकायलाच हवा म्हणतात. पण चौदा वर्षांखालचा करंडक कपाटात ठेवायचा आणि सतरा-एकोणीसच्या गटात नऊ मुली जमवताना नाकी नऊ येतात, हा व्यवहार शाळेच्या तरी फायद्याचा आहे का? शिवाय खेळाचा नियमच शिक्षकांच्या बाजूने आहे. सुरुवातीच्या नऊ जणींपैकी कुणालाही बाहेर घेऊन एकदा परत खेळवता येतं. म्हणजे मधल्या दोन डावांत नव्या मुलीला संधी द्या, सामना अटीतटीला आला तर जुनीला पुन्हा आत आणा. हा नियम वापरायचा सोडून सातही डाव त्याच नऊ जणी खेळवणं हा आळस आहे, आम्ही तो तसाच म्हणणार.

आणि हे कोल्हापुरात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पैलवान खाशाबा जाधव सहावे आले होते. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक आलं ते त्यानंतर. सहाव्या आलेल्या माणसावर घर गहाण टाकणारं हे गाव! नेमबाज तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या तेव्हा तिशीला टेकल्या होत्या आणि पहिलं ऑलिंपिक खेळल्या ते चाळिशीत, टोकियोला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंचं पहिलं ऑलिंपिक पॅरिसचं, वय २८, आणि त्यातच पदक. कुस्ती-नेमबाजी आणि सॉफ्टबॉल वेगळे, मान्य. पण तेराव्या वर्षी कुणाची पाटी पुसू नये, एवढं तर या तिघांकडून शिकता येईल.

आमचं मागणं साधं आहे. सरावाला नियमित येणारी प्रत्येक मुलगी शाळेच्या प्रत्येक मैत्री सामन्यात किमान दोन डाव मैदानात उभी राहावी आणि एकदा तरी बॅट घेऊन उतरावी. आठवी-नववीत नव्याने येणाऱ्या मुलीला "आता उशीर झाला" असं कुणी सांगू नये. निवड एका दुपारच्या थ्रोवर नको, महिनाभर बघून करा, आणि जिची निवड होणार नाही तिला काय सुधारायचं ते तोंडावर सांगा. मुख्य म्हणजे, शालेय स्पर्धेची वाट न पाहता जवळच्या चार शाळांनी मिळून दुसऱ्या फळीच्या मुलींची साखळी स्पर्धा घ्यावी : हरलं तरी पुढच्या शनिवारी सामना आहेच. तिला करंडक नको, पाहुणे नकोत, फेटे तर नकोतच.

पालकांनो, शाळेत जाल तेव्हा "संघ जिंकला का?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "माझी मुलगी किती डाव खेळली?" मुख्याध्यापकांनो, शनिवारी सकाळी दोन तास मैदान मोकळं करून द्या. आखायला चुना, पंच म्हणून उभी राहायला माणसं आणि टेनिसचे बॉल आम्ही आणतो. तारीख आणि वेळ तेवढी कळवा.

— मुलींना खेळवू पाहणारे काही पालक आणि क्रीडाशिक्षक, कोल्हापूर

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारच्या घरी द्यावे.)