वाजंत्रीचे कलम आणि नवरदेव

लग्न ठरले की याद्यांची बैठक बसते. पानसुपारी होते, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सतरंजीवर समोरासमोर बसतात आणि अक्षर बरे असलेला कोणी पाहुणा कागदावर कलमे उतरवू लागतो. मानपान, कपडे, मंडप, जेवणावळ आणि त्यांच्या मागोमाग ‘वाजंत्री’. या शब्दापुढे बहुधा चारच अक्षरे पडतात: ‘वधूपक्ष’. लग्न ‘दोन्ही अंगांनी’ करून द्यायचे असेल, तर तेवढेही लिहिण्याची गरज भासत नाही. नवरदेव बैठकीत हजर असतो, पण खाली मान घालून. पुढे कोणी हटकले तर त्याचे उत्तर तयार असते: हे सारे थोरांनी ठरवले, आपले तेथे काय चालणार?

हे उत्तर फार तर अर्धे खरे आहे. तिथी आणि देणेघेणे यांत मुलाला कोणी विचारीत नसेल. वाजंत्रीच्या बाबतीत मात्र सारी सूत्रे त्याच्या व त्याच्या मित्रमंडळाच्या हाती असतात. बँड आणावा की बेंजो पार्टी, की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कर्ण्यांची भिंत रचलेला डीजे. वरात कोणत्या रस्त्याने न्यावी, चौकात किती वेळ नाचावे, हे तोच ठरवतो. मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे, तिच्या पाठीशी क्रयशक्ती हवी, असे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात. येथे इच्छा एकाची आणि क्रयशक्ती दुसऱ्याची. तीही पुष्कळदा सावकाराकडून उचललेली. ज्याला किंमत मोजावी लागत नाही, त्याच्या मागणीला आवर राहत नाही. गेल्या वर्षी शेजारच्या वस्तीत जेवढे कर्णे लागले, त्याहून दोन अधिक लागले पाहिजेत, एवढाच मग हिशेब उरतो.

१९६१ च्या कायद्याने हुंडा घेणे आणि देणे हे दोन्ही गुन्हे ठरवले. वाजंत्रीचे पैसे मात्र कोणी हुंड्यात धरीत नाही, ती ‘हौस’. २०१७ साली लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलीने आपल्या लग्नाच्या खर्चाचा व हुंड्याचा बोजा बापावर पडू नये म्हणून जीव दिला. बापाच्या डोक्यावरचा बोजा हुंड्याचा किती आणि हौसेचा किती, अशी विभागणी कर्ज काढणाऱ्याला करता येत नसते.

दुसरी बाजू वाजवणाऱ्यांची. हलगी, डफ, सनई ही वाद्ये गावगाड्यात बलुत्याच्या रिवाजाने अस्पृश्य मानलेल्या जातींच्या, विशेषतः मातंग समाजाच्या वाट्याला आली. मंगल कार्य त्यांच्या वाजवण्यावाचून अडावे आणि त्यांनी मात्र मांडवाबाहेर बसावे, अशी ती व्यवस्था. बलुते गेले, सुपारी आली. पण हा धंदा आजही पंचांगाच्या दावणीला बांधलेला आहे. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागला की लग्ने थांबतात, ती तुळशीच्या लग्नापर्यंत. उरलेल्या महिन्यांतही काम मिळते ते मुहूर्ताच्या दिवशी, आणि त्या दिवशी सगळ्यांनाच एकदम. हंगामात अंगात ताप असला तरी क्लॅरिनेट फुंकायचे आणि पावसाळ्यात मजुरीला जायचे. डोक्यावर दिवे घेऊन वरातीच्या दोन्ही कडांनी चालणाऱ्या बाया तर वाजंत्रीच्या हिशेबातही नसतात. डीजे आला तेव्हा दहा-पंधरा माणसांची रोजी एका जनरेटरने गिळली. यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही; पण वाचलेली मजुरी वधूच्या बापाला मिळाली नाही, ती आवाज वाढवण्यात गेली.

लग्नात काय ऐकू यावे याचा विचार नवरदेवाने करावा, ही अपेक्षा काही नवी नाही. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भटाविना, थोड्या खर्चात पहिला सत्यशोधक विवाह लागला. जोतीराव फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः बोलतात. वधू स्त्रीच्या हक्कांची मागणी करते आणि वर सर्वांदेखत वचन देतो. तेथे नवरदेवाला तोंड होते. बैठकीतला मुका नवरदेव हा त्यानंतर दीडशे वर्षांनी दिसणारा प्राणी आहे.

मात्र म्हणून वाजंत्रीच नको, असे म्हणणाऱ्या साध्या राहणीच्या भोक्त्यांनी २०१८ साली उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात घडलेले आठवावे. तेथील निजामपूर गावात एका दलित नवरदेवाला सवर्णांच्या विरोधामुळे पोलिसांच्या बंदोबस्तात वरात काढावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना घोडा आणि वाजा नाकारला गेला, त्यांच्या वरातीत वाजणारा ढोल ही उधळपट्टी नव्हे. रस्त्यावरचा तो हक्क आहे. ज्यांना तो कधी नाकारला गेला नाही, त्यांनी त्यांना काटकसर शिकवू नये.

प्रश्न वाजंत्री हवी की नको असा नसून ती कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या जिवावर, असा आहे. ज्या नवरदेवाला वाद्य निवडता येते, त्याला ‘वधूपक्ष’ खोडून तेथे आपले नाव घालता येते. स्वतःच्या कमाईतून जेवढे परवडेल तेवढेच वाजेल. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास २००० च्या नियमांनी बंदी केली आहे. ती पोलिसांच्या शिट्टीची वाट न पाहता पाळता येते. गावचे हलगीवाले बोलावता येतात, त्यांना पाहुण्यांच्या पंगतीला बसवता येते. आणि ज्या कार्यकर्त्यांची लग्ने एके काळी नोंदणी कार्यालयात चहावर झाली, त्यांच्या चिरंजीवांच्या वरातींनाही हे सारे लागू आहे, हे नोंदवणे भाग आहे.

राहता राहिला ईसार. सुपारी घेताना हाती पडतो तो थोडा. बाकीची रक्कम वरात संपल्यावर. तेव्हा मध्यरात्र झालेली असते, वधूपिता दमून गेलेला असतो, नवरदेव घरात गेलेला असतो, आणि गळ्यात हलगी अडकवलेला माणूस उरलेले पैसे नेमके कोणाला मागायचे हे विचारीत मांडवात फिरत असतो. याद्यांच्या कागदावर ते लिहिलेले नसते.