पानिपताच्या सावलीत झाकलेले बक्सार

जगाच्या इतिहासाला वळण देणाऱ्या लढाया कोणत्या, हा वाद नवा नाही. १८५१ साली एडवर्ड क्रीझी या इंग्रज इतिहासकाराने जगातील पंधरा निर्णायक लढायांवर एक ग्रंथ लिहिला आणि तेव्हापासून या विषयावरील बहुतेक चर्चा त्याच यादीच्या चौकटीत फिरत राहिली. मॅरेथॉनपासून वॉटर्लूपर्यंतच्या त्या पंधरा लढायांत भारतभूमीवर झालेली एकही लढाई नाही. चीनची नाही, जपानची नाही. सुदूर अमेरिकेतील सॅराटोगाला मात्र तीत मानाचे पान आहे.

विशेष म्हणजे हा ग्रंथ निघाला तेव्हा दुसरे इंग्रज-शीख युद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. पेशावरपासून कन्याकुमारीपर्यंतचा मुलूख इंग्रजांच्या सत्तेखाली वा दाबाखाली आला होता. ज्या लढायांनी लेखकाच्या स्वतःच्या राष्ट्राला जगातील पहिल्या क्रमांकाची सत्ता बनवले, त्यांपैकी एकही त्याला स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेची वाटली नाही. पुढे हेच गृहस्थ सिलोनचे सरन्यायाधीश झाले. ज्या साम्राज्याची चाकरी करायची, त्याचा पाया कोणत्या रणांगणावर घातला गेला हे सांगण्याची गरज त्यांना भासली नाही! पुढे मॅलेसनने १८८३ साली भारतातील निर्णायक लढायांवर पुस्तक लिहिले खरे, पण तेही १७४६ ते १८४९ या काळात इंग्रजांनी देश कसा जिंकला, याच हिशेबाने.

पाश्चात्त्यांची दृष्टी एकांगी आहे, एवढे म्हणून थांबणे सोपे आहे. पण महाराष्ट्राने तरी या प्रश्नाचा स्वतःच्या बुद्धीने विचार केला आहे काय? येथे निर्णायक लढाई म्हटले की एकच नाव ओठांवर येते आणि ते म्हणजे पानिपत. भाषेतही 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. दरवर्षी संक्रांतीला उसासे टाकले जातात, भाऊसाहेब आणि विश्वासराव यांच्या आठवणीने डोळे पाणावतात. हे सारे योग्यच आहे. परंतु शोक म्हणजे इतिहासाचे आकलन नव्हे. पानिपताचे नाव घराघरात आहे, आणि त्यानंतर चारच वर्षांच्या आत बिहारमध्ये गंगेकाठी झालेल्या बक्सारच्या लढाईची तारीख इतिहासाच्या पदवीधरालाही चटकन सांगता येत नाही. वास्तविक, जगाच्या इतिहासात निर्णायक म्हणून जिची गणना व्हावी अशी अठराव्या शतकातील भारतीय लढाई कोणती, असे विचारले तर उत्तर पानिपत नव्हे, प्लासीही नव्हे, तर बक्सार असेच द्यावे लागेल.

निर्णायक कशाला म्हणावे?

लढाई किती मोठी झाली, किती माणसे पडली, किती शौर्य गाजले, यावरून ती निर्णायक ठरत नाही. कसोटी दोन प्रश्नांची आहे. निकाल उलटा लागला असता तर पुढील घटनाक्रम खरोखर बदलला असता काय? आणि हरलेल्याला पुन्हा उभे राहून तो निकाल फिरवणे शक्य होते काय?

या कसोटीवर क्रीझीच्या यादीतील थोर थोर नावेही डळमळू लागतात. इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनला इराणी हरले, पण दहा वर्षांनी ते त्याहून मोठे सैन्य घेऊन परत आले. ग्रीसचा निकाल लागला तो त्यानंतर, सॅलॅमिसच्या आरमारी लढाईत आणि प्लाटेआच्या रणांगणावर. १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियन जिंकला असता, तरी ऑस्ट्रिया आणि रशिया यांच्या फौजा फ्रान्सवर चालून येतच होत्या. त्याची कंबर १८१३ मध्ये लाइपझिगलाच मोडली होती. वॉटर्लू हा शेवटचा अंक होता, आणि शेवटच्या अंकाला टाळ्या अधिक पडतात, इतकेच.

हीच कसोटी स्वकीयांच्या इतिहासालाही निर्दयपणे लावली पाहिजे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर देह ठेवला. आघात भयंकर होता. पण विजयी अब्दाली काही महिन्यांतच अफगाणिस्तानात परतला, दिल्लीचे राज्य काही त्याला पचवता आले नाही. इकडे कोवळ्या वयाच्या माधवरावांनी १७६३ च्या ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला निजामाला धूळ चारली, आणि जानेवारी १७७२ मध्ये महादजी शिंद्यांनी शहा आलमला दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसवले. म्हणजे अकरा वर्षांत निकाल फिरला. ज्या पराभवातून राष्ट्र अकरा वर्षांत सावरते, त्याला शेवट म्हणणे हा त्या अकरा वर्षांत झुंजलेल्यांवर अन्याय आहे.

प्लासीचे काय? २३ जून १७५७ ची ती लढाई लढाईपेक्षा कारस्थान अधिक होती. इंग्रजांची जेमतेम दोन डझन माणसे कामी आली. नवाब बदलला, क्लाइव्ह गबर झाला. पण राज्य अजून नवाबाचेच होते. मीर जाफरनंतर गादीवर आलेल्या मीर कासिमने राजधानी मुंगेरला हलवली, नवी पलटणे उभी केली, बंदुकांचे कारखाने काढले आणि इंग्रजांच्या जकातचोरीला उघड विरोध केला. प्लासीचा निकाल फिरवता येण्याजोगा होता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

२२ ऑक्टोबर १७६४

तो निकाल कायमचा झाला बक्सारला. एका बाजूला दिल्लीचा बादशहा दुसरा शहा आलम, अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला आणि बंगालमधून हुसकावलेला मीर कासिम. दुसऱ्या बाजूला मेजर हेक्टर मन्रोची सुमारे सात हजारांची फौज, आणि तीत बहुसंख्य हिंदी शिपाई. याच मन्रोने काही आठवड्यांपूर्वी बंड करणाऱ्या चोवीस शिपायांना तोफेच्या तोंडी दिले होते. तिकडे दोस्तांच्या छावणीत काय चालले होते? लढाईच्या तोंडावर शुजाने मित्र मीर कासिमलाच कैद करून त्याची संपत्ती हिरावून घेतली होती. हाच शुजा पावणेचार वर्षांपूर्वी पानिपतावर अब्दालीच्या बाजूने उभा होता. ज्या मराठ्यांना उत्तरेतून घालवण्यासाठी त्याने परक्याचा हात धरला, ते मराठे बक्सारच्या वेळी खरोखरच उत्तरेत नव्हते. माधवराव तेव्हा कर्नाटकात हैदरशी झुंजत होते. १७६५ च्या मे महिन्यात वृद्ध मल्हारराव होळकर शुजाच्या मदतीला कोड्यापर्यंत गेले, पण तोवर उशीर झाला होता.

पानिपताचा खरा परिणाम येथे दिसतो. पानिपताने मराठ्यांना संपवले नाही. त्याने त्यांना नेमक्या ज्या चार वर्षांत गंगेकाठी असायला हवे होते, त्या चार वर्षांत तेथून दूर ठेवले. त्याच आठवड्यात, जानेवारी १७६१ मध्ये, पाँडिचेरीही इंग्रजांच्या हाती पडली आणि फ्रेंचांचा काटा निघाला. दोन्ही प्रतिस्पर्धी एकाच आठवड्यात बाजूला झाले आणि इंग्रजांना त्यासाठी पानिपतावर एक गोळीही झाडावी लागली नाही.

१२ ऑगस्ट १७६५ रोजी शहा आलमने बंगाल, बिहार आणि ओरिसा या प्रांतांची दिवाणी कंपनीला दिली. मोबदला वर्षाला सव्वीस लाख रुपये. हा एक कागद कित्येक किल्ल्यांच्या बरोबरीचा होता. तोपर्यंत इंग्रज व्यापाऱ्याला हिंदुस्थानचा माल घेण्यासाठी युरोपातून चांदी आणावी लागे. आता बंगालच्या रयतेकडून वसूल केलेल्या साऱ्यातूनच बंगालचा माल विकत घेतला जाऊ लागला, आणि त्याच साऱ्यातून शिपायांचे पगारही दिले जाऊ लागले. १७७० च्या दुष्काळात बंगालची एक तृतीयांश प्रजा दगावल्याचा अंदाज खुद्द कंपनीच्या अधिकाऱ्यांनीच नोंदवला, पण वसुली थांबली नाही.

सॅराटोगा आणि वडगाव

क्रीझीने गौरवलेल्या सॅराटोगाला ऑक्टोबर १७७७ मध्ये इंग्रज सेनापती बर्गॉइनने शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर सव्वा वर्षाने, जानेवारी १७७९ मध्ये, पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेनेही वडगावला मराठ्यांपुढे अशीच नांगी टाकली. महादजी आणि नाना फडणीस यांनी तिची अशी कोंडी केली की अपमानास्पद तहावाचून तिला गत्यंतर उरले नाही. मग सॅराटोगाने राष्ट्र जन्माला घातले आणि वडगावच्या नशिबी एक विजयस्तंभ आला, असे का? मराठ्यांचे शौर्य कमी पडले काय? मुळीच नाही. सॅराटोगानंतर अमेरिकनांच्या पाठीशी फ्रान्सचा खजिना व आरमार उभे राहिले. वडगावनंतर वॉरन हेस्टिंग्जने तह धुडकावला आणि बंगालहून निघालेली गॉडर्डची फौज देश ओलांडून सुरतेला पोहोचली. मुंबईची फौज हरली, तरी कलकत्त्याची तिजोरी हरली नव्हती. ती तिजोरी बक्सारला मिळाली होती.

आणखी एक धागा पाहण्याजोगा आहे. दिवाणीच्या लाभाच्या अपेक्षेने लंडनमध्ये कंपनीच्या समभागांचा सट्टा माजला. दुष्काळ, युद्धखर्च आणि अधिकाऱ्यांची लूट यांमुळे १७७२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. तिला तारण्यासाठी १७७३ चा चहाविषयक कायदा झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात गेल्या. तेथून अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध फार दूर नव्हते. बिहारची अफू त्याच १७७३ पासून कंपनीच्या मक्तेदारीत गेली आणि तीच अफू पुढे १८३९ च्या युद्धाचे व चीनच्या शतकभराच्या मानहानीचे निमित्त ठरली. ज्या एका लढाईचे पडसाद बॉस्टनपासून कँटनपर्यंत उमटले, तिला जगाच्या यादीत स्थान नसेल, तर दोष लढाईचा नसून यादीचा आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप अर्थकारणाचे भक्त घेतात. त्यांच्या मते लढाया हा लाटांवरचा फेस असतो, खरे प्रवाह उत्पादन आणि व्यापाराचे. पण बंगालचे उत्पादन १७६४ च्या आधीही होते आणि नंतरही. ते कोणाच्या खिशात जायचे, हे ठरवले रणांगणानेच. प्रवाह खरे, पण पाट कोणाच्या शेतात वळवायचा ते कोणीतरी कुदळ घेऊन ठरवतो.

दुसरा आक्षेप असा, की इंग्रज बक्सारला हरले असते तरी समुद्रमार्गे पुन्हा आलेच असते. आले असते यात शंका नाही, पण किनाऱ्यावरच्या वखारींचे व्यापारी म्हणून. लंडनहून पैसा आणून सारा देश जिंकण्याची ताकद कंपनीत नव्हती. १८०३ मध्ये असई येथे शिंद्यांच्या तोफखान्यापुढे वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसे पडली वा जायबंदी झाली. पुढे वॉटर्लू जिंकणारा हाच सेनापती. असे घाव सोसून पुन्हा उभे राहायला अखंड वाहणारा पैसा लागतो, आणि तो बंगालमधून वाहत होता.

घरातला प्रश्न

हा निव्वळ पंडितांचा वाद नाही. घरातल्या मुलाला पानिपताविषयी काय सांगितले जाते, यावर तो पराभवाकडे कसा पाहील हे ठरते. 'फितुरीने घात झाला' आणि 'दैव फिरले' ही दोन वाक्ये सांगून जो इतिहास संपतो, तो माणसाला रडायला शिकवतो, लढायला नव्हे. त्या दिवशी इब्राहिमखान गारदी अखेरपर्यंत भाऊसाहेबांच्या पाठीशी उभा राहिला, हे सांगितले पाहिजे. अन्नाविना छावणी आठवडेच्या आठवडे कोंडली गेली आणि रसद तोडणारा शत्रू तलवारीच्या आधी भुकेने जिंकला, हेही सांगितले पाहिजे. शेजवलकरांसारख्या इतिहासकाराने पानिपताकडे असे डोळसपणे पाहण्याचा वस्तुपाठ घालून दिला होता.

पानिपताला हरलेले मराठे अकरा वर्षांत दिल्लीला पोहोचले, कारण मनुष्यबळ आणि जिद्द शिल्लक होती. बक्सारला हरलेला देश १९४७ पर्यंत सावरू शकला नाही, कारण तेथे खजिनाच गेला होता. रणांगणावर गेलेले परत मिळवता येते, खतावणीतून गेलेले मिळवायला पिढ्या लागतात. संक्रांतीला पानिपतावर तिलांजली वाहणाऱ्या प्रत्येक घराने २२ ऑक्टोबर ही तारीखही दिनदर्शिकेवर एकदा खूण करून ठेवावी. पहिली तारीख मन हेलावून सोडील. दुसरी विचारील, की घराची किल्ली नेमकी कोणाच्या कमरेला होती?