पिकअप घ्यायचीय? आधी माणसं मोजा, मग टन



आमच्या खोडव्याला कोयता लागून चार दिवस झाले. बिल १४ दिवसांत जमा व्हावं असा कायदा आहे, पडतं कधी ते तुम्हाला माहीत आहे. पण बिल पडायच्या आधीच गावात जुन्या गाड्यांची चर्चा सुरू होते. यंदा आमच्या गल्लीत तीन घरं जुनी पिकअप शोधतायत, त्यात एक आमचं. इथं नेहमी खत, पाणी, हुमणी असलं लिहितो. आज गाडीवर लिहितो, कारण तीन वर्षांपूर्वी याच कामात मी लई मोठी चूक केली आणि तिची किंमत आईला मोजावी लागली असती.

२०२२ च्या उन्हाळ्यात एका एजंटाकडून २०१४ ची सिंगल केबिन पिकअप घेतली. रंग नवा, टायर नवे, सीटकव्हर नवं. "आण्णा, एका हातातली गाडी हाय. मालक मास्तर हाईत, नुसती डेअरीला जायची." ३ लाख १० हजारांत सौदा झाला. मी बघितलं काय? इंजिन आधीच चालू करून ठेवलेलं, आवाज गोड होता. चार किलोमीटर फिरवली आणि दुसऱ्या दिवशी पैसे दिले. मिस्त्रींना न्यायचं राहिलं, कारण त्यांच्या घरात लग्न होतं आणि एजंट म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक सांगलीहून निघालंय. दुसरं गिऱ्हाईक नेहमी सांगलीहूनच निघतं. सांगलीत ते कोल्हापूरहून निघत असणार.

ऑगस्टात एका रात्री दीड वाजता आईच्या छातीत दुखायला लागलं. केबिनमध्ये मी, आई आणि बायको. धाकटा भाऊ मागं हौद्यात, ताडपत्री पांघरून, वर धो धो पाऊस. निम्म्या वाटेत हेडलाइट गेले, पाठोपाठ इंजिन बंद. किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवर एक दिवा लागेना. चाळीस मिनिटं आम्ही रस्त्याकडेला होतो. शेवटी दुधाचा टेम्पो आला, त्यानं आईला पोचवलं. आई बरी आहे, आज सकाळी म्हशीची धार तिनंच काढली. पण ती चाळीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

नंतर मिस्त्रींनी डॅशबोर्ड खोलला. वायरिंगच्या जोडांत वाळलेला गाळ, फ्यूजबॉक्सला हिरवा गंज. मग त्यांनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वितीवर मातीची सरळ रेघ. "ही गाडी २१ च्या पुरात बुडालेली हाय," एवढंच म्हणाले. मी चार महिने त्या गाडीत पोरांना घेऊन फिरत होतो.

आपल्या जिल्ह्यात जुनी गाडी घेणाऱ्यानं हे पहिलं बघायचं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागं टाकली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला. शिरोळ तालुक्यात, चिखली-आंबेवाडीकडं दारातल्या गाड्या दारातच बुडाल्या. बुडालेली गाडी विकणं गुन्हा नाही, सांगून विकली तर घेणाराही किंमत लावून घेतो. लपवून विकतात तिथं आपला घात होतो. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पायाखालचं मॅट उचला, सीटचे बोल्ट गंजलेत का बघा, हेडलाइटच्या काचेत आतून ओल किंवा मातीचा थर आहे का बघा. आणि मालकाकडं जुन्या पॉलिसी मागा. पुराच्या पुढच्या वर्षीच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस शून्यावर आला असेल, तर आदल्या वर्षी क्लेम झाला होता का आणि कशाचा, एवढं विचारायला लाजायचं काय कारण?

आता टनाकडं येतो. पिकअप बघायला गेलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती ओढती?" मी म्हणतो, तो प्रश्न दुसरा. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० चं. दहा पोती आणली तर अर्धा टन. टोमॅटोचे पंचवीस किलोचे वीस क्रेट, तोही अर्धा टन. ऊस काही आपण पिकअपमधून नेत नाही, तो टोळीच्या ट्रॅक्टरनं जातो. आमची साडेतीन एकर जमीन, दोन म्हशी. वर्षातले किती दिवस आम्हाला अर्ध्या टनापेक्षा जास्त वजन न्यायचं असतं, ते मी डायरीत बघितलं. गेल्या वर्षी अकरा दिवस. त्या अकरा दिवसांसाठी भाड्यानं टेम्पो मिळतो.

माणसांचा हिशेब मात्र रोजचा. आई, आम्ही दोघं, दोन पोरं, भाऊ. सहा जण. छोटा हत्ती ही २००५ पासूनची भारी सोयीची गाडी. पाऊण टन ओढते, गल्लीत वळते, पार्ट कुठंही मिळतात. पण केबिनमध्ये ड्रायव्हर आणि शेजारी एक. बाकीचे चार कुठं बसणार? हौद्यात. आणि तिथंच माझं बोलणं लोकांना कडू लागतं.

चैत्रात जोतिबाला, लग्नाला, मातीला आपण हौद्यात माणसं भरून जातो. मीही नेलीत, लहानपणी स्वतः बसून गेलोय आणि मजाही वाटलीय. पण हौदा मालासाठी असतो. तिथं धरायला काही नाही, ब्रेक लागला की माणूस फाळक्यावर नाहीतर रस्त्यावर. आणि अपघात झाला तर विमा? मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं आशा राणी खटल्यात २००२ सालीच सांगितलंय. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालाबरोबर जात असेल तर त्याची गोष्ट वेगळी. वऱ्हाड म्हणजे माल नव्हे. भरपाईची वेळ आली तर ती गाडीमालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येते. परवडत नसेल तर मालापुरती छोटी गाडी घ्या आणि माणसं एसटीनं पाठवा. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना तिकीटच नाही. त्यात कमीपणा कसला?

घरासाठी आणि शेतासाठी एकच गाडी हवी असेल, तर माझं मत डबल केबिनला. दोन सीटच्या रांगा आणि मागं आखूड हौदा. आपल्याकडं अर्ध्या टनाच्या मापात तशी गाडी जुन्या बाजारात दिसत नाही, म्हणून टनाच्या आसपासची घ्यावी लागते. बोलेरो कॅम्पर सगळ्यात जास्त दिसते, योध्याची क्रू कॅब क्वचित. इसुझूची व्ही-क्रॉस देखणी आहे, पण तिच्या एका पार्टच्या किमतीत माझी ठिबकची लाइन बदलून होईल. कॅम्परचं सस्पेन्शन मागं कडक, रिकामी असली की खड्ड्यात मणके मोजून देते. आई पहिल्यांदा बसली की शिव्या देणार हे मी धरून चाललोय. तरी दार लावून, बेल्ट बांधून बसेल. आरसी बुकवर आसनक्षमता किती लिहिलीय तेवढीच माणसं, हा आमच्या घरात आता नियम आहे. पिवळ्या पाटीची असेल, तर मागच्या सीटवरच्या माणसांना विम्याचं संरक्षण आहे का, हे पॉलिसीवर लिहून घ्या. एजंटाच्या तोंडी "व्हय की" वर जाऊ नका.

बायकोकडं कारचं लायसन आहे. पिवळ्या पाटीची गाडी तिला चालवता येईल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. येते. ७५०० किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचं लायसन पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलंय. त्या दीड वाजताच्या रात्री मी घरी नसतो तर, हा विचार करून हे लिहितोय.

आता गाडी तपासायची कशी. मिस्त्रींनी मला जे शिकवलं त्याचं सार असं, की इंजिन बांधून मिळतं, चॅसी बांधून मिळत नाही. मीटरवरचे किलोमीटर बघू नका, ते मागं फिरवता येतात. गाडीनं आयुष्यभर काय वाहिलं ते बघा. वाळू, वीट, खडी, नाहीतर फाउंड्रीचं कास्टिंग वाहिलेली गाडी पन्नास हजार किलोमीटरला म्हातारी होते. भाजीपाला नाहीतर पाव वाहिलेली दोन लाखांनंतरही सरळ चालते. गाडीखाली पोतं टाकून झोपा. मागचे पाटे मोजा. कंपनीनं दिलेल्यापेक्षा एखादा पाटा जास्त असेल तर समजा, ओव्हरलोड चालली आहे. पाटे जिथं चॅसीला अडकतात तिथं वेल्डिंगचे डाग, चीर, नाहीतर तेवढ्याच भागात ताजा काळा रंग दिसला तर उठा, अंग झटका आणि चहा पिऊन घरी या. कोकणातून आलेली मासळीची गाडी तर फुकट दिली तरी नको. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून ठिबकून ठिबकून चॅसीला आतून खातं. वरून टकाटक, खालून चाळण. दुधाच्या गाडीची चॅसी चांगली असते, पण शंभर ठिकाणी थांबून थांबून क्लच आणि स्टार्टर गेलेला असतो. तो खर्च धरून बोली करायची.

इंजिन थंड असताना बघायचं. सकाळी लवकर, न सांगता गेलात तर उत्तम. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर विचारा का. पहिल्या किल्लीला उठते का, धूर कसला येतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून बघा. भकाभका वाफारा आला तर रिंगा-पिस्टनचं काम जवळ आलंय. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाची साय नको (हे गार असतानाच उघडा, तोंड भाजून घेऊ नका). आणि रिकामी गाडी सपाट रस्त्यावर पळवून काही कळत नाही. पाच-सहा पोती टाका, जोतिबाचा नाहीतर पन्हाळ्याचा चढ दाखवा. मध्येच थांबवून पुन्हा उचला. क्लच घसरतो का, गिअर आपोआप सुटतो का, उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतो का, सगळं तिथं कळतं. विकणारा चढाला नाही म्हणाला तर त्यानं उत्तर दिलंच.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांबद्दल एक वेगळी गोष्ट. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब आणि गरम पळावी लागते. आपली गाडी घर ते मळा, मळा ते डेअरी. अशा वापरात तो तुंबतो आणि काम महागाचं. म्हणून आमच्यासारख्यांना मी त्याआधीचीच, साधी गाडी सांगतो. धुरावरून कुणी नावं ठेवली तर ठेवू दे, पण पीयूसी वेळेवर काढायची.

कागदाचं थोडक्यात. व्हाहन पोर्टलवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, फिटनेस, विमा, दंडाच्या पावत्या बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसारसुद्धा नाही. आठ वर्षांवरच्या पिवळ्या पाटीच्या गाडीला दर वर्षी फिटनेस लागतो, ग्रीन टॅक्सही, तो खर्च धरा. नंबर केए-२३ असेल, म्हणजे चिक्कोडी-निपाणीकडची, तर फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला टॅक्स. स्वस्ताई तिथंच संपते. आणि सह्या केलेल्या कोऱ्या टीटी फॉर्मवर गाडी फिरवू नका. विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात गाडी कितीतरी हातांतून गेली होती, तरी आरसीवर ज्याचं नाव त्यालाच न्यायालयानं मालक धरून भरपाई द्यायला लावली.

भावाचं सांगायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालवाहू गाडीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय. नवी उतरली की जुनी उतरायला पाहिजे. एजंट अजून गेल्या वर्षीचाच भाव सांगतायत, त्यांना ही तारीख आठवण करून द्या.

माझी बुडालेली पिकअप मी गेल्या वर्षी विकली. घेणाऱ्याला सीटबेल्ट ओढून रेघ दाखवली, वायरिंगचं बिल दाखवलं. १ लाख ४० हजार आले. भाऊ म्हणाला, गप बसला असतास तर दोन आले असते. आई काही बोलली नाही.

उद्या कागल तालुक्यात एक २०१६ ची कॅम्पर बघायला निघालोय. भाजीपाल्याची गाडी आहे म्हणतात. मिस्त्री बरोबर आहेत, सहा पोती घेऊन दुसरा टेम्पो मागून येतोय. मालकाला फोनवर एवढंच सांगितलंय, पाहुणे, आम्ही येईपर्यंत किल्ली लावू नका.