रेशनच्या तांदळातलं लोह : कुणाला हवं, कुणी जपून?

पाण्यावर तरंगणारे ते दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून ते तयार करतात आणि १०० दाण्यांमागे साधारण एक असे टाकतात. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार : नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि आपला वाशिम. २०२२ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात अशा जिल्ह्यांच्या रेशनवर हा तांदूळ आणायचं ठरलं.

कारण उघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना ॲनिमिया आहे.

मग सिकलसेलच्या रुग्णाने हा तांदूळ खावा का? विदर्भात हा प्रश्न घराघरातला आहे. २०१८ च्या नियमांत 'सिकलसेल रुग्णांनी खाऊ नये' अशी सूचना पाकिटावर सक्तीची होती. २०२४ मध्ये ती काढली. (रेशनवर तांदूळ सुटाच मिळतो, ती ओळ वाचली किती जणांनी, देव जाणे.)

भीती कशाची, ते पेशीत दिसतं. मोकळं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की घातक रेणू तयार होतात आणि ते पेशीचं आवरण, डीएनए जाळत सुटतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. म्हणून पेशी जास्तीचं लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या कोठीत बंद करते. एका कोठीत ४,५०० पर्यंत अणू मावतात. लोह कमी पडलं की पेशी नवी कोठी बांधणं थांबवते आणि बाहेरून लोह ओढणारी दारं वाढवते. शरीराच्या पातळीवर हे काम यकृतातलं हेप्सिडिन करतं : साठा भरला की आतड्याचं फाटक बंद.

पण शरीराला जादा लोह बाहेर टाकायची वाटच नाही. आणि रक्ताची पिशवी हे फाटक टाळून थेट आत येते. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. एक किलो फोर्टिफाइड तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम, त्यातलंही थोडंच शोषलं जातं.

त्यामुळे मला सरसकट घबराट चुकीची वाटते, पण वारंवार रक्त घ्यावं लागणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी फेरिटिनची तपासणी करून डॉक्टरांना विचारूनच तांदूळ आणि लोहाच्या गोळ्या, दोन्ही ठरवावं. बाकीच्यांनी ते दाणे निवडून फेकू नयेत.